काटा करून आणलेला पंजा

मला ट्रॅक्टरला लावायचा लोखंडी पंजा घ्यायचा आहे, असं मी कॉलनीत पहिल्यांदा बोलून दाखवलं तेव्हा परमेश्वरराव म्हणाले, "आधी बीपी तपासून घ्या."

परमेश्वरराव परभणीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. वीज खात्यातून निवृत्त झालेले आहेत, आणि समोरच्यानं सल्ला मागितला आहे की नाही हे बघण्याची सवय त्यांना कधी लागलीच नाही. त्यांचा मुद्दा एवढाच होता की माझ्याकडं ट्रॅक्टर नाही. खरं आहे. माझ्याकडं एक स्कूटी आहे, आणि तीसुद्धा सविताच्या, म्हणजे आमच्या मंडळींच्या, नावावर आहे. पण ट्रॅक्टर नसलेल्या माणसानं पंजा घेऊ नये असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? माझ्या थोरल्या भावाकडं, चंद्रभानदादाकडं, ट्रॅक्टर आहे. त्याला पुढं शेणखत उचलायचा लोडर आहे. लोडरची बकेट काढायची आणि तिथं झुडपं, ओंडके धरणारा पंजा बसवायचा. हे मी परमेश्वररावांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी कागद उलटा धरून नीट बघितला आणि म्हणाले, "त्यापेक्षा सरळ जेसीबी लावा की."

इथं माझं डोकं तडकलं. कारण जेसीबी लावूनच ही वेळ आली होती.

पेडगावला आमचं रान आहे. वाटणीत चिठ्ठ्या टाकल्या, दादाच्या चिठ्ठीत डांबरी रस्त्याकडचं काळंभोर रान निघालं आणि माझ्या चिठ्ठीत ओढ्याकाठचं, पांदीच्या म्हणजे रानातल्या गाडीवाटेच्या कडेचं. चिठ्ठीशी कोण भांडणार? मी परभणीला कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. (मला सगळे 'सर' म्हणतात आणि मी कोणाचं मन मोडत नाही.) तेवढ्यात त्या रानात वेडी बाभूळ शिरली. ज्यांनी वेडी बाभूळ बघितलेली नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. तिला कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही, तोडली की दुपटीनं फुटते, आणि तिचा काटा चपलेतून आत येतो तो थेट माणसाच्या स्वभावात उतरतो. उन्हाळ्यात जेसीबीवाल्यानं सगळी बाभूळ मुळासकट उपटली, ढिगारे लावले आणि गेला. आता त्या ढिगाऱ्यांना हात लावायला एक माणूस तयार होईना. पेटवावं तर वरून विजेची तार आणि शेजारी दादाची तूर. म्हणजे आधी रानात बाभूळ उभी होती, ती आता आडवी झाली. एवढीच काय ती प्रगती.

तुम्ही म्हणाल, पडू द्या की तशीच. तुम्ही येळवस बघितलेली नाही.

मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे आमच्याकडची येळवस. त्या दिवशी घरात चूल पेटते ती फक्त रानात डबे न्यायला. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग डाळी-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली ताकाची आंबील असं काही जेवायचं की उठताना दुसऱ्यानं हात द्यावा लागतो. आणि खरी गंमत पुढंच. रस्त्यानं जो कोणी जात असेल, ओळखीचा असो नसो, त्याला धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हाक मारायची आणि ओढून आणून जेवू घालायचं. ज्याच्या रानात जास्त परके जेवले त्याची येळवस भारी.

आमचे वडील होते तोवर हे सगळं ओढ्याकाठच्या कडुलिंबाखाली व्हायचं. म्हणजे आता माझ्या वाट्याला आलेल्या रानात. बाभळीनं लिंबाला गराडा घातल्यापासून आम्ही येळवशीला दादाच्या रानात जातो. तिथं आमच्या वहिनी, चतुराबाई, मायेनं म्हणतात, "बसा भावजी, बस गं सविता. तुमी परभणीची मान्सं, उनात कामाला हात लावू नगा." आणि चादर झटकून आम्हाला बसवतात. पहिलं ताट आम्हाला. यात नाव ठेवायला काही जागा नाही. म्हणूनच ते जास्त लागतं.

गेल्या येळवशीला परत येताना सविता स्कूटीवर मागं बसली होती. ती माहेरची गंगाखेडकडची. लहानपणी धुऱ्यावर उभं राहून हाका मारायचं काम तिच्याकडं असायचं, आणि तिच्या हाकेला एकदा म्हणे अख्खी एसटी थांबली होती. पेडगाव मागं पडलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, किती वरसं मी पाव्हणी म्हनून जेवू? रान आपल्याला हाय की न्हाई?"

मी म्हणालो, "हाय की."

"मंग मला एकदा आपल्या रानात वाढायचंय. एकदा धुऱ्यावरनं हाक मारायचीय कोणाला तरी. बास."

रडली बिडली नाही. पण माझ्या खांद्यावरचा हात तिनं काढून मांडीवर ठेवला, आणि मला तो रस्ताभर जाणवत राहिला.

तर जेसीबीचे ढिगारे पडले, पावसाळा सरला, आणि एक दिवस मला मोबाइलवर तो व्हिडिओ सापडला. कुठल्या तरी परदेशातला म्हातारा, डोक्याला लाल टोपी, ट्रॅक्टरवर आरामात बसलेला. पुढं पंजा. पंजा ढिगाऱ्यात घुसला, वरचा जबडा मिटला, अख्खं झुडूप उचललं आणि बाजूला नेऊन ठेवलं. म्हाताऱ्याच्या अंगावर ओरखडा नाही. मी तो व्हिडिओ जेवताना बघितला, अंघोळीला पाणी तापेपर्यंत बघितला, प्रयोगशाळेत पोरं टायट्रेशन बिघडवत होती तेव्हाही बघितला. एकदा सविता मागं येऊन उभी राहिली. मला वाटलं आता चिडणार. ती म्हणाली, "परत लावा बरं. ते ढीग उचलल्यावर खालची जमीन दिसतीय ना, तेवढंच लावा."

तेवढंच आम्ही दोघांनी किती वेळा बघितलं असेल, सांगता येत नाही. परक्या मुलखातली ती ओली जमीन, आणि आमचा जीव तिच्यात अडकलेला.

आता पंजा निवडायचा. लोकांना वाटतं पंजा म्हणजे पंजा. तसं नसतं. एका पंजाचा तळ घमेल्यासारखा बंद असतो. त्यातून काही सांडत नाही, म्हणजे मातीही सांडत नाही, आणि चार खेपांत तुमचं शेत झुडपांबरोबर निघून जातं. दुसरा कंगव्यासारखा दातेरी; माती गळते, झुडूप राहतं. तिसरा उसाचा, तो आमच्याकडं गाळपाच्या दिवसांत सगळ्यांनी बघितलेला, म्हणून सगळे तोच घ्या म्हणत होते. शिवाय वरचा जबडा एक की दोन? एकच असला तर तो ओंडक्याच्या जाड टोकावर अडतो आणि बारीक टोक सुटतं. दोन वेगवेगळे असले की दोन्ही टोकं धरली जातात. हे मला चटकन कळलं. का नाही कळणार? नोकरीभर मी क्लॅम्प हाताळतोय. पोरांना मी नेहमी सांगतो, पकड ताकदीवर नसते, मापावर असते. हे वाक्य माझं स्वतःचं आहे. अजून कोणी वहीत उतरवून घेतलेलं नाही.

दातेरी, दोन जबड्यांचा, हे ठरलं. मग मध्येच एका कार्यालयानं डोकं वर काढलं. ओंडके न्यायला एक वीटभट्टीवाला तयार होता, पण म्हणाला, "सर, वाटंत कोणी अडवलं तर? परवानगीचा कागद आना." मी अर्ज घेऊन गेलो. तिथल्या बाबूंनी चष्मा कपाळावर सारला.

"बाभूळ तोडायला परवानगी लागती."

"ही वेडी बाभूळ आहे, साहेब."

"वेडी हाय हे कशावरून?"

मी शास्त्रीय नाव सांगितलं. त्यांनी ते मला दोनदा म्हणायला लावलं, मग शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना ऐकवायला लावलं. मग यादी काढली, बोट खालपर्यंत नेलं आणि म्हणाले, "हे झाड यादीत न्हाई."

"म्हणजे परवानगी लागत नाही?"

"न्हाई लागत."

"मग तसं लिहून द्या."

"लागत न्हाई असं लिहून पायजे असंल तर त्याला येगळा अर्ज करावा लागतो. अन् त्याच्यासंगं झाड वेडं असल्याचा दाखला लावावा लागतो."

"तो कोण देतं?"

"आमीच देताव. पण आमचा मानूस झाड बघायला येतो. झाड उभं हाय ना?"

मी घरी आलो. वीटभट्टीवाल्याला म्हणालो, बाबा रे, तू फुकट ने. फुकट म्हटल्यावर त्याला कागदाची आठवणसुद्धा राहिली नाही.

पंजा करून घ्यायला आम्ही देवगाव फाट्याला सिद्धोधनच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. आम्ही म्हणजे मी, दादा, आणि 'सहज येतो' म्हणत स्वतःच्या डब्यासह आलेले परमेश्वरराव. सिद्धोधन ट्रॉल्या, नांगर, गेट, काय म्हणाल ते करतो आणि न विचारता हमी देतो. "जय भीम सर, बसा. बेफिकीर ऱ्हावा. असा पंजा करून देतो की हत्ती उचलंल."

"हत्ती नाही," मी म्हणालो, "बाभूळ."

"मंग तर लयच सोपं."

मी त्याला व्हिडिओ दाखवला, मापं दिली. इथपर्यंत सगळं माझ्या हातात होतं. पण आमच्याकडं लोखंडाचं काम काट्यावर विकत घेतात. नग केवढा, कामाचा किती, हे कोणी विचारत नाही. भरला किती ते विचारतात. हलकं निघालं तर कारागिरानं फसवलं, जड निघालं तर गिऱ्हाइकानं जिंकलं. दादा म्हणाला, "दात जरा जाड घे. पातळ दात वाकतेत." सिद्धोधननं जाड घेतले. परमेश्वरराव म्हणाले, "मागून एक प्लेट मारा, ताकद येते." प्लेट मारली. शेजारच्या टपरीवर चहा पिणारा एक अनोळखी माणूस कप घेऊन आत आला आणि म्हणाला, "कोपऱ्याला तिकोनी पट्ट्या पायजेत." तो कोण होता ते आजवर कळलं नाही, पण पट्ट्या लागल्या. आणि मी? मापावर पकड असते म्हणणारा मी? मीही म्हणालो, "जबड्याला डबल पट्टी टाका."

काट्यावर पंजा चढला तेव्हा सगळ्यांचे चेहरे उजळले. बाळाचं वजन झाल्यावर नातेवाइकांचे उजळतात तसे. "लय भरला की!" दादा म्हणाला. सिद्धोधननं मिशीवर हात फिरवला. "हलकी चीज देऊन मला माझं नाव खराब करायचं नव्हतं."

मग कोणीतरी विचारलं, याचं तोंड कसं उघडायचं?

सगळे वाकून पाइप मोजायला लागले. लोडरला तेलाचे पाइप होते ते फक्त वर-खाली आणि पुढं-मागं करायला. जबडा उघड-मीट करायला तिसरी लाइन लागते. व्हिडिओतल्या म्हाताऱ्यानं याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. सिद्धोधन मात्र हटला नाही. ट्रॉली उचलायचं तेल ट्रॅक्टरच्या मागून निघतं. त्यानं तिथून लांबलचक पाइप काढून पार पुढं नेला आणि उघड-मिटीचा लिव्हर मागं, सीटच्या पाठीशी बसवला. "चालवनारा येक, तोंड उघडनारा येक. दोन भाऊ हाव म्हनताव ना तुमी? झालं की मंग."

वाटणीनंतर दादाचं आणि माझं बोलणं 'काय, कसं, बरं' एवढ्यावर आलं होतं. भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान बोललो तरी असतो.

पेडगावात पंजा ट्रॅक्टरला चढवला तेव्हा निम्मं गाव जमलं. मी नारळ फोडला. दादानं लोडर उचलला. ढिगाऱ्याला अजून हात लावलेला नव्हता, पंजा नुसता, रिकामा. तो हळूहळू वर गेला, पुढची चाकं चेपली, आणि मागची दोन्ही मोठी चाकं जमिनीवरून अलगद सुटली. दादा सीटवर नवरदेवासारखा पुढं झुकून ओरडला, "म्हारुद्राऽऽ!"

कोणी हसलं नाही, हे फार वाईट होतं. हसले असते तर बरं झालं असतं. चतुराबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "भावजी, नाकापरीस मोती जड झालाय हो."

मी सिद्धोधनला फोन लावला. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. "सर, पंजा बराबर हाय. ट्रॅक्टर हलका हाय."

आता आली का पंचाईत? येळवस तोंडावर. सविता दादाच्या ओसरीवर डाळी निवडत बसलेली. ती निवडायची थांबली. मला तिच्याकडं बघवेना. मी तणतणत ट्रॅक्टरच्या मागं गेलो आणि मागच्या फळीवर चढून उभा राहिलो. म्हटलं, मागं वजन नाही म्हणून चाकं उठतात, तर हे घ्या वजन. दादानं पुन्हा पंजा उचलला. चाकं पुन्हा सुटली आणि मीही त्यांच्याबरोबर वर गेलो. माझं नाव महारुद्र. वजन बावन्न किलो. यावर ज्यांना जे म्हणायचं होतं ते त्या दिवशी म्हणून झालं.

पण चाकं या वेळी थोडी कमी उठली होती. हे पहिल्यांदा बघितलं ते परमेश्वररावांनी. ते शंभर किलोच्या वरचे आहेत. ते फळीवर चढले आणि ट्रॅक्टर दबला. मग दादाचे व्याही चढले, मग पारावरचे दोघं, मग ज्यांनी ज्यांनी 'जेसीबी लावा' म्हटलं होतं ते सगळे. एकानं सुचवलं की मागं दगड बांधावेत. दादा म्हणाला, "दगडं कामाची न्हाईत. ओल्या रानात जाताना वजन पायजे न्हाई, उचलताना पायजे. दगडाला उतर म्हनलं तर उतरतंय का?"

असं आमचं काम सुरू झालं. दादा ढिगाऱ्यात पंजा घाली. मी लिव्हरवर. सल्लागार मंडळ धुऱ्यावर उभं. दादा हात वर करी, मंडळ पळत येऊन फळीवर चढे, पंजा उठे, ट्रॅक्टर पांदीपर्यंत रांगत जाई, दादा ओरडे, "उघड!" इंजिनाच्या आवाजात मला ऐकू येत नसे, म्हणून परमेश्वरराव माझ्या कानात ओरडत, "उघडा म्हणतायत!" मी उघडी. मंडळ उतरे. अंगणवाडीच्या बाई मुलांना घेऊन बघायला आल्या होत्या. दोन वेळा मी 'मीट'ला उघडलं आणि अख्खी बाभूळ तिथंच सांडली. दादा सीटवरून वळून म्हणाला, "शाळंत असंच शिकवतूस का रे?" मी म्हणालो, "तू नीट ओरडत जा." दादा हसला. किती तरी दिवसांनी त्यानं मला 'का रे' म्हटलं होतं, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

पहिला ढीग पुरता निघाला तेव्हा सविता तिथं आली. खाली जमीन दिसत होती. फिकट पडलेलं गवत, ओल, मुंग्यांची वारुळं. व्हिडिओतल्यापेक्षा काळी. ती उकिडवी बसली आणि तिनं नुसता तळवा जमिनीवर टेकवून ठेवला. फळीवरचे सगळे उगाच दुसरीकडं बघायला लागले.

मग उठून तिनं जाहीर केलं, "जे जे मागं बसलेत ते समदे येळवशीला हितं जेवायला." मी मनात माणसं मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी पाइप फुटला. सिद्धोधनचा तो लांबलचक पाइप बाभळीच्या काट्यानं कधी तरी आतपर्यंत सोलला होता. तो असा काही फाटला की तेलाची धार सरळ परमेश्वररावांच्या सफारीवर. पंजा तोंडात एक भलं मोठं झुडूप धरून जमिनीवर बसला तो बसलाच. उघडेना, मिटेना, उठेना. सिद्धोधन नवीन पाइप घेऊन परवा येतो म्हणाला. परवा! पांदीच्या बाजूचे ढीग निघाले होते, लिंबाखालची जागा मोकळी झाली होती, पण अर्ध्याहून जास्त रान अजून काट्याखाली, आणि मध्यभागी आमचा ट्रॅक्टर, तोंडात बाभूळ धरून.

मी तोंड धुतलं आणि सविताला म्हणालो, "यंदा दादाच्या रानातच करू. पुढच्या वर्षी आपलं सगळं..."

"न्हाई," ती म्हणाली.

"अगं, जागा बघ. चार चादरी मावत नाहीत."

"दोन मावतेत ना? लोक पंगतीनं जेवतील. तुमी फक्त मला न्हाई म्हनू नगा आता." इतक्या वर्षांत सविता माझ्यापुढं अशी कधी बोलली नव्हती. दादा शेजारी उभा होता. तो गेला आणि थोड्या वेळानं डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या घेऊन आला.

सकाळी लिंबाखाली कोप उभी राहिली. ओढ्यातून पाच दगड आणून सवितानं चुन्यानं रंगवले. पूजा झाली. मग रानाच्या कडेनं आंबील शिंपडत, आरोळी देत फिरायचं असतं. ते वडील करायचे. मडकं माझ्या हातात दिलं. मी तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. लिंब तोच, ओढा तोच, फक्त माणूस नाही. बापाची लय आठवण आली हो. मागून दादानं आरोळी ठोकली, "ओलगे, ओलगे!" आणि मला कोपरानं ढोसलं. मग आम्ही दोघं मिळून फिरलो, जिथवर काटे फिरू देत होते तिथवर.

चतुराबाईंना चादरीवर बसवलं होतं. त्या बसेनात. "सविता, मीठ बघ... अगं, त्यांना खीर..." सविता म्हणे, "बसा बाई तुमी." त्या बसत आणि पुन्हा अर्ध्या उठत. दर पंगतीला सविता वाकून वाकून वाढत होती. परमेश्वरराव तिसऱ्यांदा भज्जी घेताना म्हणाले, "वहिनी, मी आधीच म्हणत होतो, पंजाच घ्या." मी ऐकून घेतलं. सिद्धोधन पाइप न आणता आला, पोटभर जेवला आणि ट्रॅक्टरकडं बघत म्हणाला, "सर, पकड बघा कशी हाय. कालपासनं सोडली न्हाई."

ऊन कलताना सगळे गेले. दादा-वहिनी बरीचशी भांडी घेऊन गेले. मी चादर घडी करत म्हणालो, "चल, अंधार पडतोय, पांदीत दिसायचं नाही."

सविता धुऱ्यावर उभी होती, पांदीकडं तोंड करून. "जरा थांबा."

"आता काय राहिलं?"

"समदे आपण बोलावलेलेच आले," ती म्हणाली. "हाक कुठं मारली मी कोणाला?"

आमच्या पांदीनं माणूस जातो कुठं. दादाच्या रानाला रस्ता आहे; आमच्याकडं ओढा आहे आणि बाभूळ आहे. मी घडी केलेली चादर घेऊन तिच्यामागं उभा राहिलो. बगळे गेले. गार वारा सुटला. मनात म्हटलं, देवा, कोणी तरी पाठव. कोणीही पाठव, वसुलीवाला पाठव.

आणि एक मोटरसायकल आली. पुढं माणूस, मागं बाई, मध्ये गव्हाचं की कसलं तरी पोतं. डांबरी रस्ता खोदलेला म्हणून पांदीनं निघालेले. सवितानं हाक मारली, पण तोंडातून निघालं ते इतकं हळू, की मला शेजारी असून पुरतं ऐकू आलं नाही. गाडी पुढं गेली. तिनं माझ्याकडं बघितलं. तसा चेहरा मी तिचा पुन्हा कधी बघू नये.

मग तिनं पदर खोचला, धुऱ्यावरून चार पावलं पळाली आणि अशी आरोळी दिली की लिंबावरचे कावळे उठले. "ओ पाव्हनंऽऽ! येळवस हाय! जेवून जावा कीऽऽ!"

गाडी थांबली. वळली.

मडक्याच्या बुडाला आंबील होती, पातेल्याच्या कडेला भज्जी, दोन उंडे होते. मी घडी मोडून चादर अंथरली. सवितानं पातेलं खरवडून खरवडून वाढलं. ती दोघं भुकेल्या माणसांसारखी जेवली. बाईनं बोट चाटलं आणि म्हणाली, "लय ग्वाड झालीय, बाई." माणसानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला, ट्रॅक्टरकडं बघितलं, त्याच्या तोंडातल्या बाभळीकडं बघितलं, काट्यांच्या ढिगाऱ्यांकडं बघितलं, आणि विचारलं, "रान कुनाचं म्हनायचं हे?"

मी घसा साफ केला. वाटणी, चिठ्ठी, लिंब, वडील, सगळं सांगायला मी तोंड उघडलं होतं.

"आमचं," सविता म्हणाली.

मग त्याच्या वाटीत आंबील ओतताना, कोणी विचारलं नव्हतं तरी, पुन्हा म्हणाली, "आमचंच हाय."